चि. अमेयला, गॅरेज सेलच्या आधी

नाशिक

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "मी एकटाच उरकतो, कोणाला त्रास नको" म्हणालास आणि लगेच विषय बदललास. बाबा समोर बसले होते म्हणून मी गप्प राहिले. केतकी मीराला शाळेसाठी इथे घेऊन आली तेव्हापासून तू अमेरिकेतल्या त्या घरात एकटा आहेस, आणि आता सगळा संसार गॅरेजमध्ये मांडून विकायचा म्हणतोस. विक, माझं काही म्हणणं नाही. फक्त एकट्याने करू नकोस. बाकी लिहिते त्यातलं जमेल ते कर, नाही जमलं तर सोडून दे.

आम्ही एडिसनला तुमच्याकडे राहिलो होतो तेव्हा कोपऱ्यावरच्या आजींचा सेल मी अगदी जवळून पाहिला. मला त्यांची रीत फार आवडली. एकाही वस्तूवर किमतीची चिठ्ठी नाही. तीन टेबलं, प्रत्येकावर एक पुठ्ठा: इथलं सगळं एक डॉलर, इथलं पाच, इथलं दहा. कपडे दोरीवर. मोठं सामान गवतावर, त्याचीच काय ती किंमत लिहिलेली. कमरेला खिशांचा एप्रन, एका खिशात नोटा, दुसऱ्यात नाणी, म्हणजे गल्ला सांभाळायला नको. आठ ते बारा. बारानंतर उरलेलं फुटपाथच्या कडेला, वर 'फ्री' लिहिलेला कागद. एकच्या आत गवत मोकळं! पण त्यांची नात सकाळपासून सोबत होती, हेही मी पाहिलं. एक जण पैशांपाशी आणि एक जण मालापाशी, तेव्हाच ते जमतं.

तू तसंच कर. रात्ररात्र जागून चिठ्ठ्या चिकटवत बसू नकोस. बँकेतून एक-एकच्या भरपूर नोटा, थोड्या पाचच्या आणि क्वार्टरचा, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यांचा, एक रोल आण, चाळीस नाणी म्हणजे दहा डॉलर होतात. सकाळी सकाळी कोणी शंभराची नोट पुढे केली तर घेऊ नकोस. फोनवरून पैसे देणाऱ्यांसाठी तो चौकोनी कोड छापून टेबलावर चिकटव. टाउनशिपचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, परवाना लागतो का ते आधी विचारून घे, तिथे बऱ्याच गावांत लागतो, आणि पाट्या विजेच्या खांबावर लावू नकोस. सप्टेंबरातल्या लेबर डेची सुट्टी सोडून पुढचा शनिवार धरलास ते बरं केलंस, त्या वीकेंडला अर्धी गल्ली समुद्रावर गेलेली असते. आठ लिहिलं तरी साडेसहाला कोणीतरी टॉर्च घेऊन हजर होईल. घराचं दार मात्र कुलूपबंद ठेव. कोणी बाथरूम वापरू का विचारलं आणि तू एकटा असलास तर काय करणार आहेस?

पुन्हा तेच आलं बघ. जाऊ दे.

कऱ्हाडच्या घरी बोहारीण यायची, आठवते का रे तुला? शर्टाची कॉलर उजेडाकडे धरून बघायची, साडीचा काठ बोटांनी चाचपायची, आणि बाबांची चांगली पँट बाजूला सारून म्हणायची, "हिच्यात काय नाय उरलं, ताई." मी तिच्याशी तासभर घालवायची आणि झाकणाचा डबा घेऊनच उठायची. तू उंबऱ्यावर बसून सगळं ऐकायचास. म्हणूनच सांगते, तिथे तसं करू नकोस. दहाच्या वस्तूला कोणी पाच म्हणालं तर दे. अकरानंतर सगळं निम्म्यावर आण. तुझा वेळ आणि तुझी कंबर त्या पाच डॉलरपेक्षा मोलाची आहे.

एलिझाबेथच्या आयकियातून आणलेलं ते जेवणाचं टेबल. पहिल्या पगारातून घेतलंस आणि पायऱ्यांवरून वर चढवताना कंबर धरलीस, ते आम्हाला महिनाभर सांगितलं नव्हतंस. त्याच टेबलाला कोणी वीस डॉलर देईल आणि वर उचलून गाडीत ठेवायला मदत मागेल. तू लगेच वाकशील, मला माहीत आहे. दोन बॅगांमध्ये तेवीस-तेवीस किलो घेऊन गेलेला माझा मुलगा एवढं घर उभं करतो आणि आता स्वतःच्या हाताने उकलतोय, याचा मला केवढा अभिमान आहे ते फोनवर नीट बोलता येत नाही. बाबांनाही आहे. त्या दिवशी ते जे बोलले त्याबद्दल मी काही लिहीत नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

काही गोष्टी विकू नकोस. शैलाताईंनी दिलेली मीराची क्रिब, ती कठड्याची बाळखाट, जिची एक बाजू खाली सरकते, ती कोणाला फुकटसुद्धा द्यायची नाही असं केतकी सांगते. २०११ च्या जूनपासून तिथे तशा क्रिब विकायला बंदी आहे, वापरलेल्यासुद्धा. सरकती बाजू निखळून फटीत अडकल्याने तान्ही मुलं दगावली होती. ती पूर्ण सुटी कर आणि मगच कचऱ्यात दे, म्हणजे कोणी रस्त्यावरून उचलून परत जोडणार नाही. त्या क्रिबमध्ये मीरा कशी उभी राहून हाका मारायची! कार सीटच्या लेबलवर मुदतीची तारीख असते, उलटून गेली असेल तर तीही नको. मिक्सर इथे आणून उपयोग नाही, तिथला ११० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. तो, कुकर आणि इडलीपात्र रटगर्स विद्यापीठात नवीन आलेल्या मुलांपैकी कोणाला तरी देऊन टाक. तूही एकदा तसाच गेला होतास. पुस्तकं टेबलावर मांडण्याआधी झटकून बघ, केतकी नोटा पुस्तकांत ठेवते. बाबा विचारत होते की या पैशांवर टॅक्स बसेल का. घरातली वापरलेली वस्तू घेतल्यापेक्षा कमी किमतीला विकली तर बसत नाही, असं केतकी म्हणाली.

उरलेलं घरात परत न्यायचं नाही. खोकी थेट गाडीत आणि त्याच दुपारी गुडविलच्या दुकानात दान. गाद्या ते सहसा घेत नाहीत, त्यासाठी टाउनशिपची गाडी आधीच सांगून ठेव.

फार लांबलं, आणि शिकवणीच झाली. चाळिशीच्या मुलाला कोणी असं लिहितं का? रागावू नकोस. पण तिथल्या मराठी विश्व मंडळाच्या गणपतीत तुझ्याबरोबर मूर्ती उचलणारा तो समीर दहा मिनिटांवर राहतो. त्याला एक फोन करायला काय होतं? त्याच्या आईच्या ऑपरेशनला तू रात्रभर बसला होतास. तो नाही म्हणणार नाही. तुला मागायचाच संकोच, अगदी सुधाकाकांसारखा, आणि त्यांचं काय झालं ते तुला माहीतच आहे.

तुझे आठ म्हणजे आपले साडेपाच. मी फोनपाशी असेन, पण तू करू नकोस, गिऱ्हाईक सांभाळ. फक्त शुक्रवारी रात्री समीरशी बोललास की मला एवढंच लिही, "येतोय."

तुझी,
आई

ता.क. मीराचा निरोप: पिवळी स्कूटर विकायला तिची हरकत नाही, पण पाच डॉलरच्या खाली नाही, आणि पैसे तिचे.