रोपाबरोबर वाळवणही शिकवा

महोदय,

औषधी वनस्पती लावा, असे शेतकऱ्याला सतत सांगितले जाते. लावल्यानंतर त्याचे काय होते, ते मी घरात पाहिले आहे.

माझा थोरला भाऊ खेड तालुक्यात शेती करतो. एका कंपनीचा माणूस घरी येऊन शतावरीची रोपे देऊन गेला. माल आम्हीच उचलू, हा त्याचा शब्द. शतावरी काढणीला यायला दीड-दोन वर्षे लागतात. मुळ्या निघाल्या तेव्हा त्या माणसाचा फोन बंद. भावाने त्या सालीसकट अंगणात वाळवल्या आणि दोन गोणी एसटीने माझ्याकडे मुंबईला आणल्या. मशीद बंदरला काष्ठौषधीच्या व्यापाऱ्याने एक मुळी मोडून आमच्यासमोर धरली. साल तशीच, आतला दोरा तसाच आणि मधोमध ओल. मुळ्या उकळत्या पाण्यातून काढून, सोलून, दोरा ओढून मग वाळवायच्या असतात, हे आम्हाला त्या दुकानात कळले. मिळालेल्या पैशांत मुळ्या खणण्याची मजुरीसुद्धा सुटली नाही. भाऊ परतताना एवढेच म्हणाला, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर?"

सांगणाऱ्या संस्था कमी नाहीत. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठे राज्यात आहेत. जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रे आहेत. 2000 साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले. गुजरातेत आणंदजवळ बोरियावीला याच पिकांचे संशोधन संचालनालय आहे. आणि जीव ओतून काम केले तर काय होते, हे कोकणाने काजूत पाहिले आहे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राचे काजूचे कलम म्हटले की शेतकरी डोळे मिटून लावतो. शतावरी, अश्वगंधा, वावडिंगाच्या रोपाला हा भरवसा का नसावा? वावडिंगाच्या नावाखाली दुसऱ्याच जातीची फळे बाजारात सर्रास येतात. आपल्या मुंबईत तर सोसायट्यांपुढच्या उंच, सरळसोट झाडाला सगळे अशोक म्हणतात आणि औषधातल्या खऱ्या सीतेच्या अशोकाच्या सालीत त्याचीच साल मिसळली जाते. रोपच ओळखून, खात्रीचे मिळाले तर या भेसळीला मुळातच चाप बसेल.

दुसरी निकड तपासणीची. अश्वगंधेचा कस मुळीतल्या विथॅनोलाइड या औषधी घटकाच्या प्रमाणावरून जोखतात. ते मोजण्याचे साधन शेतकऱ्याकडे नाही, म्हणून व्यापारी सांगेल तो भाव. माती परीक्षणासारखी मुळ्यांची तपासणीही कृषी विज्ञान केंद्रांतून माफक दरात व्हावी, अहवाल शेतकऱ्याच्या हाती मिळावा. लागवडीच्या शिबिरात एक दिवस सोलण्या-वाळवण्याचा ठेवावा, तोही प्रत्यक्ष चुलीपाशी. आणि माल उचलण्याचा शब्द देणाऱ्या कंपनीचा लेखी करार केंद्रातल्या तज्ज्ञाने एकदा वाचून दिला, तरी कितीतरी घरे वाचतील.

भावाच्या परसात शतावरीचे काही वेल अजून उभे आहेत. यंदा त्या मुळ्या काढायच्या आहेत. वाळवण कसे करायचे, हे त्याने मलाच फोन करून विचारले. मी मशीद बंदरच्या त्या व्यापाऱ्याला विचारून कळवले.

– एक वाचक, लालबाग, मुंबई