आकार आणि आकारमान

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची तिन्ही चित्रे मिळाली. झाडाला लटकून संथपणे जगणारे तीनबोटी स्लॉथ आणि दोनबोटी स्लॉथ, आणि जमिनीवर वावरणारा नामशेष स्लॉथ ग्लॉसोथेरियम यांच्या कवटीतल्या मेंदूच्या पोकळ्या तू एकाच लांबीच्या करून शेजारी-शेजारी मांडल्या आहेस, आणि तीनबोटीची पोकळी आखूड व गोलसर दिसते ती झाडाला उलटे लटकण्यामुळे का, असे विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे. मात्र तिन्हींची लांबी सारखी करताना जी गोष्ट सर्वांत आधी पाहायला हवी तीच तू पुसून टाकलीस. आकार पाहण्यापूर्वी आकारमान पाहावे लागते.

तीनबोटी स्लॉथचे वजन साधारण ४ किलो असते आणि दक्षिण अमेरिकेतले मेगाथेरियम, हा जमिनीवरचा नामशेष महाकाय स्लॉथ, सुमारे ४ टनांचे होते, म्हणजे शरीर हजार पटींनी मोठे. पण सस्तन प्राण्यांचा मेंदू शरीराच्या प्रमाणात वाढत नाही. तो वजनाच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश घाताने वाढतो. हा हिशेब तू स्वतः करून पाहा. हजार पट शरीराला मेंदू केवळ १०० ते १८० पट मोठा लागतो. कवटी मात्र दात, जबड्याचे स्नायू आणि मानेचा भार यांच्या गरजेनुसार वाढत राहते, त्यामुळे मोठ्या स्लॉथच्या कवटीचा आडवा छेद घेतला, तर बाहेरची हाडाची भिंत आणि मेंदूला लगटून असलेली आतली भिंत यांच्यामध्ये हवेने भरलेल्या मोकळ्या जागा दिसतात. लहान प्राण्याच्या कवटीत मेंदू जवळजवळ सगळी जागा व्यापून गोलसर बसतो, तर मोठ्याच्या कवटीत तो एका लांबट घराच्या आतल्या खोलीसारखा असतो. तेव्हा तुला दिसलेल्या गोलाईतला किती भाग केवळ लहान आकारमानाचा आहे, हे वेगळे काढल्याखेरीज झाडाचे नाव घेऊ नकोस. पृष्ठभागावरच्या वळ्यांचेही असेच आहे. मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी आकारमानाबरोबर फारशी वाढत नाही, म्हणून मोठ्या मेंदूला घड्या घालाव्याच लागतात. लहान स्लॉथच्या मेंदूवर खाचा कमी दिसल्या, तर तो मंदबुद्धी ठरत नाही. (या बिचाऱ्या प्राण्याला युरोपियनांनी आळसाचेच नाव दिले, आणि ते नाव अजूनही कित्येकांच्या निष्कर्षांत डोकावते.)

ग्लिप्टोडॉन्ट या कवचधारी नामशेष प्राण्याबद्दल तू लिहिलेले वाक्यही याच कारणाने मला खटकले. कवच असल्यामुळे त्याला मेंदूची गरज उरली नाही, हे स्पष्टीकरण ऐकायला छान वाटते. त्याचा मेंदू शरीराच्या मानाने लहान होता हे खरे, पण तो आर्माडिलो या आजच्या लहान कवचधारी प्राण्याच्याच कुळातला, प्रचंड वाढलेला प्राणी होता. आधी त्या वाढीचा हिशेब चुकता कर, मग कवचाकडे वळ.

आकारमान बाजूला काढल्यावर नात्याचा प्रश्न येतो, आणि इथे तू ज्या काळात शिकते आहेस त्याचा मला हेवा वाटतो. आम्ही शिकलो तेव्हा दोन्ही जिवंत स्लॉथ एकमेकांच्या बरेच जवळचे वाटत. २०१९ साली प्राचीन डीएनए आणि हाडांतील प्रथिने यांवरच्या दोन स्वतंत्र अभ्यासांतून दिसले, की तीनबोटी स्लॉथ मेगाथेरियम आणि मेगालोनिक्स यांच्या गोताजवळचा आहे, तर दोनबोटी मायलोडॉनच्या बाजूचा (मेगालोनिक्स आणि मायलोडॉन हेही जमिनीवरचे नामशेष स्लॉथच). म्हणजे झाडाला लटकणे दोनदा, वेगवेगळ्या घराण्यांत घडले. ग्लॉसोथेरियम मायलोडॉनच्याच गोतातला, तेव्हा तुझ्या चित्रातला दोनबोटी आणि तो हे एकाच बाजूचे ठरतात. ते दोघे जिथे एकमेकांसारखे आणि तीनबोटीपेक्षा वेगळे दिसतील, तिथे झाड किंवा जमीन यांपेक्षा वंशाचा वाटा आधी तपासायला हवा. वरवरचे साम्य कुठवर फसवू शकते याचा एक जुना नमुना तुला आवडेल: १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने लांब नख्या आणि वरचे मधले दोन दात नसलेला जबडा पाहून आपल्याकडच्या, भारतातल्या अस्वलालाच स्लॉथ ठरवले आणि ब्रॅडिपस (म्हणजे तीनबोटी स्लॉथचेच शास्त्रीय नाव) अर्सिनस असे नाव दिले.

तू संगणकावर एकेका सीटी छेदात पोकळीची कड आखतेस, आम्ही रबर ओतत असू. विद्यार्थीदशेत मी एका आर्माडिलोच्या कवटीत मागच्या मोठ्या छिद्रातून द्रव लॅटेक्स घातले होते. अमोनियाचा वास नाकात चढायचा. थर वाळला की आत टाल्क पावडर सोडायची, म्हणजे रबर स्वतःला चिकटत नाही, आणि मग तो पोकळ फुगा हळूहळू दुमडत त्याच छिद्रातून ओढून काढायचा. मी घाई केली. मोठा मेंदू आणि अनुमस्तिष्क, म्हणजे मागचा लहान मेंदू, यांचे ठसे बाहेर आले, पण घ्राणकंद, म्हणजे वासाचे काम करणारे पुढचे दोन गोल, मानेशी तुटून आतच राहिले. आर्माडिलोच्या मेंदूत तेच सर्वांत बघण्यासारखे असतात! तुझे काही तुटणार नाही, पण अडचण त्याच जागी आहे. घ्राणकंदांच्या पुढे चाळणीसारखे सच्छिद्र हाड असते. जीवाश्मात ते बहुधा मोडलेले किंवा मातीने भरलेले असते, आणि पोकळी कुठे संपली हे प्रत्येक छेदात तुझा हात ठरवतो. तो दोन मिलिमीटर पुढे सरकला, तर प्राण्याचे नाक तीक्ष्ण होते.

आतल्या कानाच्या, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकाही मोजणार असल्याचे लिहिले आहेस. जरूर मोज, पण २०१२ साली प्रसिद्ध झालेला तीनबोटी स्लॉथवरचा अभ्यास आधी वाच. त्यांच्या नलिका एकाच जातीतल्या प्राण्या-प्राण्यांत असामान्य प्रमाणात बदलतात, आणि संशोधकांनी त्याचा संबंध त्यांच्या संथ, क्वचित होणाऱ्या हालचालींशी जोडला आहे. जिवंत प्राण्यात इतका फरक असेल, तर नामशेष जातीच्या एकाच कवटीवरून ‘ही जात अशी होती’ म्हणताना हात थोडा थरथरायला हवा. जमिनीवरच्या स्लॉथबाबत तुझ्याकडे बहुतेक जातींची एकेकच कवटी आहे.

आता एक काम कर. ग्लॉसोथेरियमचीच पोकळी, पहिली आखणी न पाहता, आठ दिवसांनी पुन्हा आख, आणि दोन्ही आखण्यांमधला फरक मला कळव. तो फरक दोन्ही जिवंत स्लॉथमधल्या फरकाच्या किती टक्के येतो हे मोजलेस, की तुझ्या चित्रांवर कुठवर भरवसा ठेवायचा ते आपण बसून ठरवू. चाळणीच्या हाडाजवळचे तीन-चार छेदही सोबत पाठव. चष्मा बदलला आहे, तेव्हा बारीक रेषा दिसतील.

तुझे
बाबा