जत्रेतील व्हीआर खेळांना कठडा हवा

मा. संपादक,

जत्रा-फेस्तांच्या फेरीत, म्हणजे तिथल्या बाजारात, खाज्याच्या दुकानांशेजारी आता व्हीआर (डोळ्यांवर पडदे बांधून आभासी जगात खेळायच्या) खेळांचे मांडव दिसू लागले आहेत. गेल्या मोसमात अशाच एका मांडवात माझा बारा वर्षांचा नातू डोळ्यांवर हेडसेट चढवून उभा राहिला, खेळातला राक्षस अंगावर आला म्हणून दोन पावले मागे सरला आणि मांडवाच्या लोखंडी खांबावर आपटला. डोक्याला खोक पडून तीन टाके घालावे लागले. खेळ चालवणारा मुलगा त्या वेळी पुढच्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेत होता.

या अपघातावरचा उपाय तीस वर्षांपूर्वीच अस्तित्वात होता आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. १९९३ साली मी तारवटी म्हणून बोटीवर असताना इंग्लंडमधील एका आर्केडमध्ये (पैसे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनात) ‘डॅक्टिल नाइटमेअर’ हा खेळ खेळलो होतो. लेस्टरच्या डब्ल्यू इंडस्ट्रीज या कंपनीने (पुढे तिचे नाव व्हर्च्युअलिटी झाले) १९९१ च्या सुमारास ही यंत्रे आर्केडमध्ये आणली होती. खेळाडू चौथऱ्यावर चढला की त्याच्या कमरेभोवती गोल कठडा येत असे, मदतनीस जड हेडसेट डोक्यावर नीट बसवत असे आणि खेळ संपेपर्यंत तिथून हलत नसे. आत दिसायचे ते चौकटीचौकटींचे अधांतरी चौथरे, जिने, खांब, समोरचा बंदूकधारी प्रतिस्पर्धी आणि झडप घालून माणसाला उचलून नेणारा हिरवा टेरोडॅक्टिल हा उडणारा प्रागैतिहासिक प्राणी. त्याने मला उचलले तेव्हा मी खरोखर मागे रेललो, पण कठड्याने सावरले.

त्या वेळची चित्रे अगदी ओबडधोबड होती, कारण प्रत्येक डोळ्यासमोरच्या पडद्याची क्षमता जेमतेम २७६ बाय ३७२ ठिपक्यांची होती आणि मान वळवल्यावर दृश्य किंचित उशिरा वळत असे. डोळे एक सांगतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरेच सांगते, त्यामुळे अनेकांना मळमळायचे. तरीही, किंबहुना म्हणूनच, आपण खोट्या जगात आहोत हे शरीर विसरत नसे. २०२० साली आलेल्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यापुढे १८३२ बाय १९२० ठिपके असतात आणि वायरही नसते, त्यामुळे खेळणारा बाहेरचे जग खरोखरच विसरतो. कठड्याची गरज जेव्हा वाढली तेव्हाच तो नाहीसा झाला, हे मला खटकते. आजच्या हेडसेटमध्ये सुरक्षित सीमा आखण्याची सोय असते, परंतु ती रेषा केवळ दिसते, माणसाला अडवत नाही.

म्हणून पंचायती, नगरपालिका आणि देवस्थान समित्यांना माझी विनंती आहे की, फेरीतील जागांची पावणी (लिलाव) करतानाच व्हीआर मांडवांना कमरेइतका कठडा आणि प्रत्येक खेळाडूमागे एक मदतनीस सक्तीचा करावा. चेहऱ्याला टेकणारा स्पंज प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पुसला जावा, ही अटही त्यातच घालता येईल. कठड्याला चार पाइप आणि एका वेल्डरचे दिवसभराचे काम पुरते, एवढा खर्च पुढच्या मोसमाआधी कोणालाही झेपेल.

आपला,
एक निवृत्त तारवटी, फोंडा