बावस्कर सर, त्या रात्रीच्या गोळीबद्दल

आदरणीय डॉ. हिंमतराव बावस्कर सर,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही, मीही तुम्हाला कधी भेटले नाही. तरी गेले दोन महिने हे पत्र मनातल्या मनात लिहिते आहे आणि खोडते आहे.

मे महिन्यात माझा सात वर्षांचा मुलगा आजोळी चिऱ्यांच्या ढिगातून चेंडू काढायला गेला आणि त्याला तांबडा विंचू चावला. शेजारच्या आजोबांनी आधी विंचू 'उतरवला'. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना येत होतं ते त्यांनी केलं. राग आहे तो बाजारपेठेतल्या दवाखान्याचा. तिथल्या डॉक्टरांनी आधी फी घेतली, बोटात इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "पोरगं रडतसुद्धा नाही, मग घाबरताय कशाला? घरी न्या." अहो, रडायला त्राण कुठे होतं? सदरा पिळावा इतका घाम, दोनदा उलटी, हातपाय गारठलेले. धोक्याची ही लक्षणं तुम्ही १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवलीत, तेही महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुग्णांच्या खाटेशी बसून. त्यालाही आता चाळीस वर्षं उलटून गेली. शिकलेल्या माणसाला वाचायला एवढा वेळ पुरत नाही?

सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. ड्युटीवरची डॉक्टर पंचविशीतली असेल. तिने त्याचं वजन केलं आणि गोळी दिली. प्रॅझोसिन. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या तिने सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो, हे तुम्ही दाखवून दिलंत. तोवर विष अंगभर भिनलेल्या शंभरांतले तीस-चाळीस जण जात, असं म्हणतात.

मला मात्र त्या रात्रीतली दुसरीच गोष्ट आठवत राहते. मी त्याला उचलून मांडीवर घ्यायला गेले, तर ती म्हणाली, "उचलू नका ताई, या गोळीने प्रेशर उतरतं, आडवाच राहू दे. तुम्ही एक करा, त्याचे पाय चाचपत राहा. गरम व्हायला लागले की मला हाक मारा." एवढंच. दवाखान्यातल्या आईला कुणी काम देत नाही सर. 'बाहेर बसा' म्हणतात. तिने माझ्या हातांना काम दिलं. ती तीन-तीन तासांनी गोळी देत होती आणि मी दोन्ही तळपाय धरून बसले होते. पहाटे आधी टाचा कोमट लागल्या, मग बोटं. मी हाक मारली ती अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेली असणार.

तिचे आभार मी तिथेच मानले, रडत रडत. ती म्हणाली, "माझं काही नाही, बावस्कर सरांचं आहे हे सगळं." घरी आल्यावर तुमच्याबद्दल मिळेल ते वाचलं. १९७६ साली बिरवाडीत रुजू झालात, पुढे महाडलाच राहिलात. २०२२ साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच. पण मी थबकले ते २०१३ सालच्या १,२०० रुपयांच्या चेकपाशी. रुग्णाला एमआरआयला पाठवल्याबद्दल तपासणी केंद्राने धाडलेला तो चेक तुम्ही परत केलात, वर मेडिकल कौन्सिलकडे तक्रारही केलीत. गुपचूप खिशात घातला असता तर कोणाला कळणार होतं? माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात 'याच लॅबमधून करून आणा' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं, की तो चेक मला पद्मश्रीपेक्षाही मोठा वाटला.

तुमच्या पत्नी प्रमोदिनीताईंनाही माझा नमस्कार सांगा. तुमच्या कामात त्यांचाही तेवढाच वाटा आहे, असं वाचलं.

मुलगा ठणठणीत आहे. चिऱ्यांचा ढीग भावाने उचलून टाकला. मी अजून रात्री उठून त्याच्या पांघरुणात हात घालते आणि तळपाय बघते. तो झोपेत वैतागून पाय ओढून घेतो.

आपली,
एक आई