विषय: 'कोकणी कौलारू घर' हे रेझिन किट, सदोष माल आणि तुमच्या ग्राहक सेवेचं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक,
उत्पादन व ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. समोरच्या माणसाला पडद्यावरची वाक्यं वाचण्यापलीकडे काही करता येत नाही, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने कडक करून भाग घडवायचे, ही रेझिन छपाई मी तुम्हाला समजावत बसत नाही. तो तुमचा धंदा आहे.

माझ्याकडे १:८७ प्रमाणाचा, छोट्या आगगाड्यांचा रेल्वे लेआउट आहे, कुडाळ ते सावंतवाडी रोड यांच्या मधल्या पट्ट्यावर बेतलेला. झारापच्या आसपास गाडीतून रुळांसाठी कापलेली जी लाल दरड दिसते, ती उभी करायला खरी तांबडी माती वस्त्रगाळ करून वापरली आहे. रुळाशेजारी एक घर हवं होतं. या प्रमाणात बाजारात जर्मन गावं मिळतात, स्विस स्टेशनं मिळतात. पडवी, ओटी आणि खळं असलेलं घर कोणी करत नव्हतं. तुम्ही केलंत, म्हणून किंमत न बघता घेतलं आणि हाती यायच्या आधीच दोन मित्रांना 'घ्या' म्हणून सांगितलं. त्या दोघांना आता काय सांगू?

छपराची दोन्ही पाखी वाकलेली आली. काचेच्या तावदानावर पालथी ठेवली तर दोन कोपऱ्यांखालून रुपयाचं नाणं सहज आत जातं. गरम पाण्यात बुडवून, दोन काचांमध्ये दाबून पाहिलं. संध्याकाळी सरळ दिसलं, सकाळी पुन्हा होतं तसं. पातळ सपाट भाग धुऊन नीट सुकवला नाही, किंवा यूव्ही दिव्याखाली एकाच बाजूने कडक केला, की तो असा ओढला जातो, हे तुमच्या छपाई विभागाला माहीत असलंच पाहिजे.

भिंतींचं त्याहून वाईट. पुढच्या भिंतीवर चिऱ्यांचे थर सुरेख कोरलेत, आणि नेमक्या त्याच अंगावर छपताना भाग तोलून धरणाऱ्या आधारांचे खड्डे पडलेत, दाराच्या चौकटीपासून थेट कोपऱ्यापर्यंत. मागची भिंत, जी लेआउटवर कोणाला दिसणारही नाही, ती मात्र गुळगुळीत. आधार कोणत्या अंगाला लावायचे हे ठरवणाऱ्याने घर कुठून बघतात याचा विचारच केलेला नाही.

दार मोजलं. साडेसहा फुटी दार १:८७ मध्ये साधारण २३ मिलिमीटर यायला हवं. तुमचं २६ भरतं. हे माप १:७६ चं आहे. ओओ (१:७६) आणि एचओ (१:८७) या दोन्ही प्रमाणांच्या गाड्या १६.५ मिलिमीटरच्याच रुळावर धावतात, म्हणून घरंही एकच धरायची का? खोक्यावर मोठ्या अक्षरात १:८७ छापलंय. दारात उभी केलेली माझी माणसं पोरं वाटतात.

सोबतच्या कागदावर भाग प्लास्टिक मॉडेलच्या सिमेंटने चिकटवा असं लिहिलंय. ते सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतं. कडक झालेलं रेझिन त्याने विरघळत नाही, त्याला सायनोअॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, लागतो. कागद कुठल्या तरी दुसऱ्या किटचा उचलून घातलाय, आणि तो घालण्याआधी कोणी वाचलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. घराचं जोतं आतून पोकळ छापलंय आणि त्याला निचऱ्याचं एकही भोक नाही. आत कच्चं, म्हणजे कडक न झालेलं द्रव रेझिन अडकून राहिलं. जोतं लेआउटवर बसवल्यावर काही दिवसांनी पायरीच्या कडेला बारीक तडा गेला आणि पिवळट चिकट द्रव माझ्या तांबड्या मातीवर उतरला. हातमोजा घालून उचललं तर बोट चिकटून बसलं. कच्चं रेझिन त्वचेला बाधतं, अंगावर ॲलर्जी उठू शकते. खोक्यावर तशी एका ओळीचीही सूचना नाही. माझी नात त्याच टेबलाशी उभी राहून गाड्या बघते.

हे सगळं फोटोंसह कळवलं होतं. त्यानंतर आजचा फोन.

आधी विचारलं, "सर, किट मुलासाठी घेतलंय का? वय किती मुलाचं?" मी म्हटलं, माझ्यासाठी घेतलंय. "अच्छा, म्हणजे हॉबी." मग सांगितलं की सीलबंद पिशवी उघडली असल्यामुळे परत घेता येत नाही. पिशवी न उघडता पाखं वाकलंय हे कळणार कसं, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मग, "सर, तुमच्याकडे कोकणात दमट असतं ना, त्यामुळे वाकलं असेल." मी सांगितलं, खोकं उघडलं त्याच दिवशीचे फोटो तुमच्याकडे आहेत. थोडा वेळ गाणं वाजलं. परत येऊन तुमच्या प्रतिनिधीने जे सांगितलं ते शब्दशः असं: "सर, मी वरिष्ठांशी बोललो. ते म्हणाले, गावाकडची जुनी कौलारू घरं थोडी वाकडीच असतात ना? तसंच दिसेल, नॅचरल."

मी पुन्हा विचारलं, हे वरिष्ठ म्हणाले? "हो सर, नॅचरल लूक."

म्हणून हे त्या वरिष्ठांसाठी लिहितो. मंगलोरी कौल एकमेकांच्या खाचेत बसतं. रिपा एका ओळीत नसतील, पाखं बोटभर खाली बसलं असेल, तर खाच बसत नाही, कौल सरकतं आणि पहिल्या पावसात ओटीवर धार लागते. चार महिने कोसळणाऱ्या पावसात वाकडं छप्पर घेऊन राहता येत नाही. मिरगाच्या आधी माणूस छपरावर चढून कौलं परततो, फुटकी बदलतो, ती याचसाठी. आमच्याकडचा गवंडी चिऱ्याचा प्रत्येक थर दोरीला लावतो, कोपऱ्याला ओळंबा सोडतो. सुतार आढं चढवताना दोन्ही टोकं जुळेपर्यंत खाली उतरत नाही. शंभर वर्षं झालेली घरं वेंगुर्ल्यात आजही सरळ उभी आहेत, या आणि बघा. कोकणातलं घर वाकडं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कोकणी घराच्या नावाने किट विकू नये.

आणि खेळणं म्हणून चालून जाईल असं वाटत असेल, तर सावंतवाडीच्या चितारआळीत जाऊन या. तिथे पाळण्यातल्या पोराच्या हातात द्यायची लाकडी फळंसुद्धा गुळगुळीत करून, रंग पक्का करून देतात. त्या कारागिरांना कोणी 'हॉबी' म्हणून हिणवत नाही.

राग वाकलेल्या पाख्याचा होता, तो मी गिळला असता. वाकडं घर आमचंच वैशिष्ट्य म्हणून तुम्ही माझ्या गळ्यात मारलंत, ते गिळणार नाही.

मला काय हवं ते स्पष्ट लिहितो. पूर्ण पैसे परत, नेण्याचा खर्च तुमचा. गळलेल्या रेझिनने खराब झालेल्या भागाची भरपाई. खोक्यावरचं प्रमाण दुरुस्त करणं, कच्च्या रेझिनची सूचना छापणं आणि जोत्याला निचऱ्याची भोकं देणं, कारण हेच किट आणखी कोणाच्या तरी घरात गळत असणार. बदली किट पाठवायचा विचार असेल आणि ते त्याच फाइलमधून छापणार असाल, तर पाठवू नका.

ई-वाणिज्य नियम, २०२० प्रमाणे तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. याच कायद्याने मला माझ्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, तुमच्या शहरात यावं लागत नाही, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. कागद तयार आहेत. महिना संपला की दाखल करीन, आणि आजचं ते 'नॅचरल' वाक्य तक्रारीत पहिल्या पानावर असेल.

बिल, खोकं उघडतानाचे फोटो, काचेवरच्या पाख्याचा फोटो आणि जोत्याच्या तड्याचे जवळून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. यापुढे फोन करू नये, उत्तर लेखी द्यावं.

तुमचा ग्राहक,
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग