मंत्रीसाहेब, कमिशनिंगचे आकडे कपाटातून बाहेर काढा

मा. बांधकाम मंत्री यांस,
स. न. वि. वि.

साहेब, आधीच सांगून टाकतो, कमिशनिंग म्हणजे कमिशन नाही, टेबलाखालचं तर अजिबातच नाही (हे मला दर मीटिंगला सांगावं लागतं, लोक हसतात आणि फाइल बाजूला ठेवतात). हा शब्द मुळात जहाजांचा. नवीन जहाज ताफ्यात घ्यायच्या आधी समुद्रात नेऊन सगळं चालवून बघतात ना, तसंच बिल्डिंगचं एसी, पंप, लाइट, कंट्रोल्स डिझाइनमध्ये लिहिलंय तसं खरंच चालतंय का ते एकेक करून तपासायचं, आणि नसेल चालत तर नीट करून घ्यायचं. जुन्या बिल्डिंगमध्येही करता येतं, उलट तिथे जास्त सापडतं.

मी हेच काम करतो. एका ऑफिसच्या इमारतीत एसीचं युनिट हवा आधी थंड करत होतं आणि दोन फुटांवर तीच हवा परत गरम करत होतं, कारण गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नव्हता. आत बसलेल्यांना तापमान मस्त वाटायचं, त्यामुळे तक्रार कुणाचीच नाही, बोलत होतं ते फक्त बिल. त्याच इमारतीत फॅनचा व्हीएफडी (गरजेप्रमाणे फॅनचा स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र) बसवल्या दिवसापासून बायपासवर, म्हणजे स्पीड कमी व्हावा म्हणून पैसे घालून यंत्र घेतलं आणि फॅन आपला रात्रंदिवस फुल स्पीडवर. असले फॉल्ट डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं तसेच राहतात.

आता मालक विचारतो, खर्च किती आणि वाचणार किती? अगदी रास्त प्रश्न आहे. पण माझ्याकडे फक्त माझ्याच फायली, त्याही करारात गोपनीय. दुसऱ्या इंजिनीअरकडे त्याच्या. सगळ्यांचं मिळून चित्र कुणीच बघितलेलं नाही.

अमेरिकेत लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीने असे विखुरलेले आकडे एकत्र केले. 2009 च्या रिपोर्टमध्ये 643 इमारती होत्या, आणि ऊर्जेशी संबंधित 10,000 पेक्षा जास्त दोष सापडलेले. जुन्या इमारतींमध्ये खर्चाचा मीडियन (म्हणजे मधला आकडा) चौरस फुटाला 0.30 डॉलर, ऊर्जेची बचत 16 टक्के, पैसे साधारण 1.1 वर्षात वसूल. नव्या इमारतींमध्ये खर्च 1.16 डॉलर, म्हणजे बांधकाम खर्चाच्या 0.4 टक्के, आणि वसुली 4.2 वर्षांत. हे समजलं कारण काम करणाऱ्यांनी आपापल्या फायली दिल्या.

पण हे आकडे उचलून जसेच्या तसे कुठेही चिकटवू नका. विजेचा दर, हवामान, मजुरी बदलली की वसुलीचा काळ बदलतो. शिवाय मीडियन मधला आकडा असल्यामुळे निम्म्या इमारती त्याच्या खाली असतात. आणि खरी गोची अशी की ज्याचं काम चांगलं झालं तोच हौसेने आकडे देतो, फक्त जिंकलेल्या मॅचचा स्कोअर सांगितल्यासारखं, ज्याचं फसलं तो गप्प.

म्हणून तुम्हाला लिहितोय. सरकारच्या स्वतःच्या इमारती आहेत, त्यांची बिलं सरकारच भरतं, तिथे गोपनीयतेचं कारण चालू नये. कमिशनिंग केलेल्या प्रत्येक सरकारी इमारतीची माहिती एकाच नमुन्यात खुली करा: क्षेत्रफळ, वापर कशासाठी, फी किती दिली, दुरुस्तीला वेगळे किती गेले (हे दोन आकडे एकत्र करून टाकतात आणि मग तुलनाच होत नाही), दोष किती सापडले, त्यातले खरंच किती दुरुस्त झाले, आणि मीटरचं आधीचं नंतरचं किमान बारा बारा महिन्यांचं रीडिंग, हवामानाचा फरक काढून. फसलेली कामं पण टाका, ठेकेदारांची नावं हवी तर झाका. आणि तीन वर्षांनी परत मोजा, कारण कुणीतरी येऊन एसी चालू-बंद व्हायचं शेड्यूल चोवीस तासांवर टाकतं की बचत गेली.

आता गरम होतंय म्हणून येणाऱ्या तक्रारी कमी झाल्या, मशीन जास्त टिकली, हे रुपयांत बसवणं अवघड आहे, कबूल. नुसती तक्रारींची संख्या लिहिली तरी चालेल.

यासाठी नवीन कायदा नको, पुढच्या टेंडरमध्ये एक अट घाला की हा तक्ता भरून दिल्याशिवाय शेवटचं बिल पास होणार नाही. तक्त्याचा कच्चा नमुना माझ्याकडे तयार आहे, कधीही पाठवतो.

आपला,
एक कमिशनिंग इंजिनीअर