विषय : साल बदललेला १९११ चा चांदीचा रुपया अस्सल म्हणून विकल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी पंचम जॉर्ज यांचा १९११ सालचा रुपया मागवला होता. मिळालेले नाणे टांकसाळीतलेच आहे. परंतु त्यावरील साल मागाहून बदललेले आहे. याविषयी विचारणा केली असता आपल्या प्रतिनिधींनी कळवले की, वजन व चांदी बरोबर असल्यामुळे नाणे अस्सल ठरते. हे उत्तर मला मान्य नाही. कोल्हापुरात गुजरीतील सराफाकडे मीही वजन करून घेतले असून ते जवळपास ११.६६ ग्रॅम, म्हणजे प्रमाणाप्रमाणेच भरते. मात्र १९११ चा रुपया आणि त्यानंतरचे पंचम जॉर्ज यांचे रुपये एकाच वजनाचे व एकाच कसाचे आहेत. त्यामुळे नंतरच्या नाण्याचा आकडा खरवडून कोणी १९११ केले, तर तराजूला ते कळण्याचा संभवच नाही.

खरा पुरावा राजाच्या झग्यावर आहे. १९११ च्या रुपयावर राजाने झग्यावर घातलेल्या मानाच्या साखळीतील छोट्या हत्तीची सोंड आखूड असल्याने तो डुकरासारखा दिसतो, असा आक्षेप घेतला गेला. चलनात न गेलेली बहुतेक नाणी वितळवण्यात आली आणि १९१२ पासून सोंड स्पष्ट दिसणारा सुधारित हत्ती आला. झिजलेल्या नाण्यावर हा फरक ओळखणे अवघड जाते, हे मी जाणतो. पण आपण पाठवलेले नाणे चांगल्या स्थितीत असून त्यावर सुधारित हत्तीची लांब सोंड स्वच्छ दिसते. त्या ठशावर १९११ हे साल असूच शकत नाही.

मागील बाजू दहापट भिंगाखाली पाहिल्यास शेवटचा एक हा त्याच सालातील इतर दोन एकांपेक्षा बारीक व किंचित कललेला आहे, त्याच्या माथ्याशी बारीक ओरखडे आहेत आणि तेवढ्याच जागेचा जुना रंग उडालेला आहे. माझ्या मते हे मुळात १९१७ चे नाणे असावे, कारण साताची आडवी रेघ काढली की एक उरतो. १९१७ चा रुपया सहज मिळतो. १९११ साठी संग्राहक जास्त पैसे मोजतात, आणि नेमका तोच फरक आपण माझ्याकडून घेतला आहे.

तरी नाणे परत घेऊन पोस्टखर्चासह पूर्ण रक्कम परत करावी, तसेच या सालाचे आपल्याकडील सर्व रुपये हत्ती व आकडे तपासल्याशिवाय विकू नयेत. यापूर्वी ज्यांनी ते घेतले आहेत, त्यांनाही कळवावे. नव्याने छंद जोपासणारी मुले वजनाच्या दाखल्यावर विश्वास ठेवतात, याचे मला अधिक वाईट वाटते. पावतीची प्रत आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागावी लागेल.

कळावे,
आपला ग्राहक,
कोल्हापूर